परसबागेतील भेंडी : लागवड आणि तोडणी (झाशी परिसर)

प्रस्तावना

घरात भेंडी आणि बाजारात भिंडी; झाशीतील मराठी घरांना दोन्ही नावे सवयीची आहेत. भाजी घेताना तुम्ही भेंडीचे टोक मोडून पाहत असाल. टोक पटकन मोडले तर भेंडी कोवळी, नुसतेच वाकले तर जून. परसबागेत हीच परीक्षा झाडावर करायची असते, कारण तोडणी वेळेवर झाली तरच झाड पुढे फळे देत राहते. ते कसे, हे या पाठात पाहू.

१. पेरणीची वेळ

भेंडीला ऊब लागते. तापमान १७-१८ अंश सेल्सिअसच्या खाली असले तर बी नीट उगवत नाही आणि ४२ अंशांच्या वर गेले की फुले गळतात. झाशीत दोन्ही टोके अनुभवास येतात. म्हणून पेरणीचे दोनच काळ सोयीचे आहेत : फेब्रुवारीअखेर ते मार्चचा पहिला आठवडा आणि जूनअखेर ते जुलै.

पेरणीपासून साधारण ४० ते ४५ दिवसांनी फुले येतात. फेब्रुवारीअखेरच्या पेरणीला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फुले लागतात आणि मेच्या कडक उन्हाआधी तीन-चार आठवडे भाजी मिळते. पेरणी मार्चअखेर केली तर ऐन फुलोरा मेच्या झळांत सापडतो.

२. जमीन आणि पेरणी

झाशीच्या आसपास राकर, पडुआ या लाल आणि काबर, मार या काळ्या जमिनी आढळतात. लाल मातीत पाणी टिकत नाही, तिथे कुजलेले शेणखत जास्त घाला. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचते, तिथे गादीवाफा करा. दर चौरस मीटरला दोन ते अडीच किलो शेणखत पुरते. नत्र जास्त झाले तर पानेच माजतात.

बियांचे कवच टणक असते. ती रात्रभर पाण्यात भिजवा. एका जागी दोन बिया, २ ते ३ सें.मी. खोल पेरा आणि नंतर जोमदार रोप ठेवून दुसरे कापून टाका. भेंडीचे सोटमूळ हलवलेले सोसत नाही, म्हणून बी जागेवरच लावा. उन्हाळ्यात दोन ओळींत ३० आणि दोन झाडांत २० सें.मी. अंतर ठेवा. पावसाळ्यात झाडे पसरतात, तेव्हा ४५ व ३० सें.मी. ठेवा. वीस-पंचवीस झाडे असली तर भराच्या दिवसांत एका तोडणीत चार माणसांची भाजी निघते.

३. पाणी

उन्हाळ्यात रोज वरवर शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी, माती पाहून, मुळांपर्यंत पोचेल असे पाणी द्या. झाडांच्या बुडाशी वाळलेला पाला पसरला की ओल टिकते. फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडला तर फळे वाकडी व चिवट होतात.

४. हळद्या रोग

पानांच्या शिरा पिवळ्या पडून पुढे फळेही पिवळसर दिसू लागली, तर तो हळद्या किंवा केवडा रोग होय. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. रोगट झाड बरे होत नाही, ते लगेच उपटून दूर टाका. पिवळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क (एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजवून गाळलेली) यांनी माशी आटोक्यात राहते.

बियाणे निवडताना जात पाहा. पुसा सावनी ही जात एकेकाळी या रोगाला दाद देत नसे. पुढे ती त्याला बळी पडू लागली. तिचा भेंडीच्या एका रानटी जातीशी संकर करून परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने परभणी क्रांती ही जात तयार केली. मात्र कोणतीही जात कायम टिकेल असे नाही. झाशीतच राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे. सध्या कोणते बियाणे लावावे, हे तिथे विचारा.

५. तोडणी

फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. त्यानंतर ५ ते ७ दिवसांत फळ तोडणीला येते. पुढे त्यात धागे वाढतात आणि ते चिवट होते. झाडाच्या दृष्टीने फळ म्हणजे बी. एक-दोन फळे जून होऊ दिली की झाडाची ताकद बिया भरण्यात जाते, नवी फुले कमी होतात. म्हणून एक दिवसाआड तोडणी करा. पानांआड राहून जून झालेली भेंडीही काढून टाका, खायची नसली तरी.

सकाळी, देठ ठेवून, कात्रीने तोडा. झाडावरील लव अंगाला खाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा कपडा घाला. भेंडी न धुता, कोरड्या सुती कापडात ठेवा. ओली राहिली तर बुळबुळीत होते.

६. पुढच्या वर्षाचे बी

एका निरोगी झाडाची दोन-तीन फळे झाडावरच वाळू द्या. त्या झाडाचा भाजीचा हिशेब सोडून द्या. संकरित बियाण्याचे बी मात्र राखू नका, पुढची झाडे तशीच निघत नाहीत.

स्वतः तपासून पाहा

१. झाशीत मार्चअखेरची पेरणी का टाळावी?
२. आठवडाभर गावाला जाऊन आल्यावर झाडावर जून भेंड्या दिसल्या, तर आधी काय कराल आणि का?