झाकलेले नाव, उघडी वही

“गुरुजी, यातले कुणाला काही कळत नाही,” बिटकॉइन घेतलेला माझा एक माजी विद्यार्थी म्हणाला. आमच्या इचोड्यात पूर्वी मनीऑर्डर आली की रक्कम साऱ्या आळीला ठाऊक होई. बिटकॉइनची वही तर २००९ पासून जगापुढे उघडीच आहे. झाकलेले असते ते केवळ नाव. व्यवहाराचा निरोप जाळ्यात प्रथम कोणत्या संगणकाने सोडला हे हेरले, की तेही झाकण सरकू शकते. २०१४ साली आलेले मोनेरो रक्कम लपवते, देणाऱ्याला इतरांच्या घोळक्यात मिसळते. २०२० पासून तर निरोप आधी एकेका संगणकाच्या कानी घालून मगच त्याची दवंडी पिटते. परंतु भारतातील विनिमयकेंद्रांवर मार्च २०२३ पासून ग्राहकाची ओळख नोंदवण्याचे बंधन आहे. याने तिथे आधार कार्ड दिलेलेच होते! मी वही उघडून दाखवली, तेव्हा आपला व्यवहार त्याने स्वतःच ओळखला.