जंगलवाटेवरचा बास

पिकअपमध्ये म्युझिक सिस्टीम बसवायचीय? चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर वॅटपेक्षा डोकं जास्त लागतं, बॉस!

मुंबई-पुण्यात गाडीतली गाणी म्हणजे ट्रॅफिकमधला टाइमपास. आमच्याकडे गणित उलटं. चंद्रपूरहून मूल, सावली, व्याहाड करत, वैनगंगा ओलांडून गडचिरोली गाठायची तर साधारण ८० किलोमीटर. सिग्नल कमी, जंगल भरपूर आणि मोबाइलची रेंज मध्येच गायब. म्हणजे ऑनलाइन गाण्यांचा कारभार आटोपला. अशा वेळी गाण्यांनी भरलेला पेन ड्राइव्ह आणि बरी सिस्टीम हेच सोबती. कामासाठी आठवड्यातून दोनदा ही वाट तुडवणारा मी, बोलेरो कॅम्परवाला. शेवटी गाडीतल्या जुन्या दोन स्पीकरांना निरोप द्यायचं ठरवलं. बजेट ३० हजार. वर एक रुपया नाही!

आधी शांतता, मग संगीत

पिकअपची केबिन म्हणजे पत्र्याचा डबा. पुढे डिझेल इंजिनची घरघर, मागे रिकाम्या ट्रॉलीचा खडखडाट. इंजिनचा आवाज खालच्या पट्टीतला, त्यामुळे तो गाण्यातला बास आधी गिळतो. मग आपण व्हॉल्यूम वाढवतो, बास येत नाही तो नाहीच, कान मात्र किटतात. आमच्या कारागिरानं एका वाक्यात निकाल लावला, "भाऊ, अगोदर दरवाजा मुका करा लागते, मंग स्पीकर बोलते."

म्हणून पहिला खर्च स्पीकरवर नाही, तर दरवाजाच्या आतल्या पत्र्याला चिकटवायच्या डॅम्पिंग शीटवर. इथे ब्युटाइल रबरचीच शीट घ्या. स्वस्तातली डांबरी शीट चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४६-४७ अंशांवर गेला की, नरम पडून सुटायला लागते. स्पीकरचा कोनही कागदी नको, पॉलिप्रॉपिलीनचा बरा. पावसाळ्यात दरवाजाच्या आत पाणी उतरतंच.

छोटा सब, मोठा धमाका

डिकीभर सबवूफर हा शहरी कारचा शौक. पिकअपमध्ये डिकीच नाही! पण घाबरू नका. केबिन लहान असली की खालच्या पट्टीतला आवाज आपोआप उठतो. त्यामुळे सीटखाली मावणारा ८ इंची, बंद डब्यातला सब पुरतो. त्याच्या जोडीला चार चॅनलचा अॅम्प: दोन चॅनल पुढच्या दरवाजांना, उरलेले दोन जोडून सबला.

दुकानात खोक्यावरचा १००० वॅटचा आकडा पाहून हुरळू नका. विचारा फक्त आरएमएस किती ते. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबलने. म्हणजे पैसा डबल, फरक चिमूटभर!

वायरिंग म्हणजे अर्धी सिस्टीम

दिसत नाही म्हणून दुर्लक्ष होतं, ते इथेच. २०० वॅट आरएमएसचा अॅम्प पूर्ण जोरात २० अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. त्यासाठी बॅटरीपासून वेगळी, शुद्ध तांब्याची जाड वायर हवी. मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची नको. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत आणि वायरीला झेपेल तेवढाच. वायर घासून शॉर्ट झाली तर आधी फ्यूज उडायला हवा, गाडी पेटायला नको. मधल्या जंगलात अग्निशमनची गाडी कुठून येणार, सांगा बरं!

माझ्या गाडीत पहिल्याच दिवशी एक नवाच सूर ऐकू आला. अॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून "कुंईई". बसवणाऱ्या दुकानानं सिग्नलची केबल आणि पॉवरची वायर एकाच बाजूनं ओढली होती, अर्थिंग तर रंगाच्या थरावरच कसलं होतं. केबल दुसऱ्या बाजूनं फिरवली, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर अर्थ दिला, कुंई गायब. तुम्ही हे काम समोर उभं राहून करून घ्या. मूळ वायरी कापू देऊ नका, कपलर वापरायला सांगा. आणि नवीन सामानाची नोंद विम्यात करून घ्या.

कान आहेत तर गाणं आहे

आता मुद्द्याचं. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. म्हणजे मूलसुद्धा यायचं नाही!

आणि या रस्त्यावर कान नुसते गाण्यासाठी नसतात. झाडीतून अचानक चितळ उडी घेतं, रानडुकरांची रांग आडवी जाते, वाघही रस्ता ओलांडतो. मागचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे. ताडोबाच्या सफारीत तर गाणी वाजवायचीच नाहीत. बाहेरच्या जंगलरस्त्यावरही काचा वर आणि आवाज खाली, एवढी माणुसकी जमतेच की.

झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन दिवाळीपासून होळीपर्यंत. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ही नाटकं रात्रभर चालतात. वडसा भागातून पहाटे परतताना बरेच जण डोळे मिटायला लागले की गाणी मोठ्यानं लावतात. दोस्तहो, गाणी झोप घालवत नाहीत, फक्त घालवल्यासारखं वाटतं. उजेडाच्या सुरक्षित जागी, एखाद्या गावात, गाडी बाजूला घ्या आणि २० मिनिटं डुलकी काढा. तुमच्या सिस्टीमचं सगळ्यात भारी बटण त्या वेळी एकच. ऑफ!

जाता जाता एक फुकटची टेस्ट. गाडी उभी करा, काचा लावा, नेहमीच्या आवाजात गाणं सुरू करा आणि मित्राला दहा पावलांवर उभं करा. त्याला गाण्याचे शब्द कळले, तर व्हॉल्यूम दोन घर खाली. त्याला काहीच कळलं नाही आणि आत तुम्ही मस्त ताल धरलाय? मग पैसा वसूल!