गाणं सुरू झालंय, जरा थांबा

१३ फेब्रुवारी, जागतिक रेडिओ दिन होता. रेडिओवरच्या प्रेमाचे संदेश दिवसभर फिरत होते. माझ्या डोक्यातून मात्र त्या सकाळी रिक्षात ऐकलेला एक फोन जात नाही. आवाजावरून साठी ओलांडलेल्या वाटणाऱ्या एक बाई बोलत होत्या. "आमचे हे गेल्यापासून सकाळी रेडिओ लावला की..." एवढंच त्या म्हणाल्या आणि निवेदकाने झडप घातली. "वा वा काकू! मग आज नाश्त्याला काय स्पेशल?" बाई क्षणभर गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "उपमा." "उपमा! मंडळी, आज काकूंकडे उपमा!" मागून टाळ्यांचा आवाज आला, वाहिनीचं नाव दोनदा वाजलं आणि गाणं लागलं.

रिक्षावाले दादा आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "त्या काय सांगत होत्या, ते ऐकून तरी घ्यायचं ना."

खासगी एफएमवरच्या निवेदकांबद्दलच्या तक्रारी सगळ्यांच्या तोंडपाठ आहेत. स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसणं, प्रत्येक वाक्याला 'सो' नाहीतर 'गाईज' जोडणं, आजीच्या वयाच्या श्रोत्याला पहिल्याच वाक्यात अरे-तुरे करणं. बाईचा फोन आला की स्वयंपाक आणि पुरुषाचा आला की नोकरी, हे प्रश्नही ठरलेले. यातल्या बऱ्याच सवयी त्या मुलामुलींनी घरून आणलेल्या नाहीत. त्या कुठून आल्या हे कळलं, तर राग थोडा योग्य ठिकाणी जाईल.

'कुठेही जाऊ नका, पुढे येतोय एक धमाका' हे दर दहा मिनिटांनी का ऐकावं लागतं? याचं मूळ श्रोते मोजण्याच्या पद्धतीत आहे. अमेरिकेत अनेक दशकं रेडिओचा श्रोता पाव तासाच्या हिशोबाने मोजला गेला. पाव तासातली पाच मिनिटं तो थांबला, की तो अख्खा पाव तास वाहिनीच्या खात्यात जमा. म्हणजे दहा वाजून दहा मिनिटांनी आलेल्या माणसाला दहा वीसपर्यंत धरून ठेवलं, तर दहाच मिनिटांत दोन पाव तास पदरात पडतात. म्हणून सव्वादहाच्या तोंडावर धमाक्याचं आमिष. ही रीत तिथून जगभर गेली. आपल्याकडे २००७ पासून मुंबई, दिल्ली, बेंगळुरूसारख्या मोठ्या शहरांत 'रॅम' नावाची मोजणी सुरू झाली, तीही निवडक श्रोत्यांनी भरलेल्या डायऱ्यांवर. डायरी आठवणीने भरायची असते. श्रोत्याला वाहिनीचं नावच आठवलं नाही, तर त्याने ऐकलेलं सगळं वाया! तेव्हा नावाचा घोष चालूच ठेवायचा.

त्यात बोलायचे विषयही अर्धेच. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २०१९ पासून आकाशवाणीची बातमीपत्रं तेवढी जशीच्या तशी लावायला मुभा मिळाली. तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस दूरसंचार नियामक 'ट्राय'ने २०२३ मध्ये केली. बातमी वर्ज्य म्हटल्यावर सिनेनट्यांची लग्नं आणि घटस्फोट उरतात, हे काही अंशी खरं. पण पाणी कधी जाणार, रस्ता कुठे बंद, प्रवेश अर्जांची मुदत कधी संपते, हे सांगायला कुणाची आडकाठी नाही. ते मात्र घाईघाईत उरकलं जातं.

मला सर्वांत जास्त खुपते ती गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर बोलण्याची सवय. या व्यवसायात ते कौशल्य मानतात. गायकाचा पहिला शब्द उमटायच्या आदल्या क्षणापर्यंत बोलत राहायचं आणि नेमकं त्या टोकाला थांबायचं. जमायला अवघड आहे, कबूल. पण ती वीस-तीस सेकंदं रिकामी नसतात. अनिल मोहिले यांच्यासारख्या संगीत संयोजकांनी एकेक वाद्य तोलून ती बांधलेली असतात. प्रभाकर जोगांचं व्हायोलिन, इनॉक डॅनियल्सचं अकॉर्डियन यांना गाण्यात मोकळं मैदान मिळतं ते तिथेच आणि कडव्यांच्या मधे. नेमक्या त्याच जागेवर निवेदक 'ट्रॅफिकमध्ये अडकलायत का?' असं विचारतात. वादकांची नावं तर सांगत नाहीतच, वर त्यांचं वाजवणंही झाकून टाकतात.

ज्येष्ठ निवेदक अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले. निवेदन कसं असावं, हे मला कुणी विचारलं तर मी त्यांच्या आईपासून सुरुवात करते. कुलसुम सयानी मुंबईत प्रौढ साक्षरतेचं काम करायच्या. गांधीजींच्या प्रेरणेने त्यांनी 'रहबर' नावाचं पाक्षिक काढलं. ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघायचं आणि भाषा मात्र एकच, सोपी हिंदुस्थानी. नुकतं वाचायला शिकलेल्या माणसाला अडखळायला होऊ नये, हा त्यामागचा कटाक्ष. लहानगा अमीन त्या कामात आईला मदत करायचा. समोरच्याला कळेल असं आणि त्याचा मान राखून बोलायचं, हे तो घरातच शिकला.

पुढे केंद्रीय मंत्री बाळकृष्ण केसकर, म्हणजे आपल्या पुण्याचेच, यांच्या काळात आकाशवाणीवर सिनेसंगीताची गळचेपी झाली आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. १९५२ च्या डिसेंबरात तिथे सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप कोलंबोला जायच्या. सयानीही जाहिरातीच्या पैशावरच बोलत होते. कार्यक्रमाच्या नावातच टूथपेस्ट होती! त्यांच्या बोलण्यात नाट्य होतं, लाडिकपणाही होता. तरी बुधवारी रात्री घराघरांतल्या माणसांना तो आवाज आपल्याशी बोलतोय असं वाटायचं. गाण्याचा क्रमांक सांगायला त्यांनी 'पायदान' हा साधा शब्द घेतला आणि तो लाखो लोकांचा झाला. बाजारामुळे बोलणं बिघडतंच, हे मला म्हणून पटत नाही.

फोनवरून फजिती करण्याचा प्रकारही इथे सांगायलाच हवा. खोटा पोलिस, खोटा बँकवाला होऊन कुणाला तरी रडकुंडीला आणायचं आणि शेवटी हशा. डिसेंबर २०१२ मध्ये सिडनीच्या एका वाहिनीच्या दोन निवेदकांनी ब्रिटनच्या राणीच्या आणि राजपुत्राच्या आवाजांची नक्कल करून लंडनच्या रुग्णालयात फोन लावला. राजघराण्याच्या सून केट मिडलटन तेव्हा तिथे दाखल होत्या. फोन उचलून पुढे जोडून देणारी परिचारिका मूळची आपल्या मंगळुरूची. तीन दिवसांनी तिने आयुष्य संपवलं. त्यामागची कारणं एका फोनपुरती होती, असं कुणीच म्हणू नये. पण रुग्णालयातल्या कुणाचीही संमती न घेता ते संभाषण हवेत सोडलं गेलं होतं. वाहिनीने कायदा आणि परवान्याची अट मोडल्याचा ठपका नियामक संस्था ठेवू शकते, असा निर्णय ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने २०१५ मध्ये दिला.

त्या घटनेत आणि उपम्यात अंतर प्रचंड आहे, हे मी जाणते. पण फोनच्या पलीकडचा माणूस दोन्ही ठिकाणी कार्यक्रमाचा माल ठरला. त्या बाईंना नवऱ्याबद्दल, सकाळच्या रिकाम्या घराबद्दल काही सांगायचं होतं. पंधरा सेकंदं पुरली असती.

निवेदक मित्रांनो, तुमच्यावर मोजणीचं, जाहिरातींचं, वरिष्ठांचं ओझं आहे, ते मान्य. तरी पुढचा फोन घ्याल तेव्हा नाश्त्याचं विचारू नका. बोलता बोलता माणूस थांबला, तर तुम्हीही थांबा. आम्ही वाहिनी बदलणार नाही.