घरगुती स्तरावरील मांसल कोंबडीपालन : पिल्लांचे खाद्य व संगोपन

सारांश

मांसल कोंबडीच्या (ब्रॉयलर) पिल्लांचे संगोपन व्यापारी शेडपुरते मर्यादित न राहता आता अनेक कुटुंबे ते घराच्या परसातही लहान प्रमाणावर करताना दिसतात. मात्र गावरान कोंबडी सांभाळण्याचा परंपरागत अनुभव या पिल्लांना जसाच्या तसा लागू केल्यास नुकसान होते. प्रस्तुत लेखात मांसल पिल्लांची ऊब, खाद्य, पाणी, गादी व रोगप्रतिबंध या घटकांचे विवेचन केले असून, पन्नास पिल्लांच्या एका तुकडीच्या आधारे खाद्याचा हिशेब मांडला आहे.

बीजसंज्ञा : मांसल कोंबडी, ब्रूडर, संतुलित खाद्य, खाद्य रूपांतर, गादी, लसीकरण

१. प्रस्तावना

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात परसात चार-सहा गावरान कोंबड्या पाळण्याची प्रथा जुनी आहे. दिवसभर उकिरड्यावर, गोठ्यात आणि शेताच्या बांधावर फिरून ही कोंबडी किडे, सांडलेले धान्य व कोवळा पाला खाते आणि सायंकाळी खुराड्यात परतते. तिची पिल्ले आईच्या पंखाखाली वाढतात. त्यामुळे पाळणाऱ्यास खर्च जवळजवळ नसतो. उत्पन्नही मर्यादित असते, कारण एक किलो वजन भरण्यास या कोंबडीला कित्येक महिने लागतात.

मांसल कोंबडीचे गणित याच्या नेमके उलट आहे. अमेरिकेतील डेलावेअर राज्यात १९२३ मध्ये सेसिल स्टील या गृहिणीने ५० पिल्लांची मागणी नोंदवली असता चुकून ५०० पिल्ले आली. त्यांनी ती मांसासाठी वाढवून विकली. केवळ मांसासाठी कोंबड्या वाढविण्याच्या व्यवसायाची सुरुवात म्हणून या घटनेकडे पाहिले जाते. पुढे निवड व संकरातून, विशेषतः कॉर्निश नर व प्लायमाउथ रॉक मादी यांच्या वंशावळीतून, जलद वाढणारे पक्षी तयार झाले. आजचे पिल्लू जन्मतः सुमारे ४० ते ४५ ग्रॅमचे असते आणि योग्य व्यवस्थापनात साधारण ३५ ते ४० दिवसांत दोन किलोपर्यंत पोचते. म्हणजे पाच-सहा आठवड्यांत त्याचे वजन चाळीस पटींहून अधिक होते. ही वाढ ज्या खाद्यातून व ज्या परिस्थितीत होते, त्यांत थोडीही उणीव राहिली तर तिचा परिणाम आठवड्याभरातच दिसू लागतो.

२. ऊब : पहिला आठवडा

अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या अंगावर केवळ लव असते. शरीराचे तापमान स्वतः राखण्याची क्षमता त्याच्यात पुरती विकसित झालेली नसते. गावरान पिल्लाला ही उणीव आई भरून देते. उबवणी केंद्रातून आणलेल्या पिल्लासाठी मात्र ब्रूडर हीच आई होय. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवावे लागते. त्यानंतर दर आठवड्यास ते सुमारे तीन अंशांनी कमी करत नेले जाते.

घरगुती स्तरावर ५० पिल्लांसाठी पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या गोल कड्यात (चिक गार्ड) विजेचे दिवे टांगून ऊब देता येते. प्रत्येक पिल्लामागे एक ते दोन वॅट हे प्रमाण व्यवहारात वापरले जाते. येथे एक नवी अडचण लक्षात घेणे आवश्यक आहे. घरोघरी आता वापरले जाणारे एलईडी दिवे प्रकाश देतात, परंतु पुरेशी उष्णता देत नाहीत. म्हणून तारेचे जुन्या पद्धतीचे दिवे किंवा उष्णतेसाठीच तयार केलेले दिवे वापरावे लागतात. वीजपुरवठा खंडित होणाऱ्या गावांत कोळशाची शेगडी पर्याय म्हणून वापरली जाते. तथापि बंद खोलीत शेगडीचा विषारी वायू साचून पिल्लेच नव्हे, तर तेथे झोपलेली माणसेही दगावू शकतात. हवा खेळती असल्याशिवाय हा पर्याय स्वीकारू नये.

तापमापक नसला तरी पिल्लांचे वर्तन हाच विश्वासार्ह निर्देशक असतो. पिल्ले दिव्याखाली एकावर एक गोळा होत असतील तर ऊब कमी आहे. दिव्यापासून दूर, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर ऊब जास्त आहे. सर्व एकाच बाजूस सरकत असतील तर विरुद्ध बाजूने वाऱ्याचा झोत येत आहे. ती सर्वत्र सारखी विखुरलेली असतील तर व्यवस्था योग्य आहे. रात्री वीज गेल्यावर थंडीने एकत्र आलेल्या पिल्लांपैकी खालची पिल्ले गुदमरून मरतात. अशा एका रात्रीत लहान तुकडीचा मोठा भाग नष्ट होऊ शकतो. त्यामुळे पहिले सात दिवस रात्री किमान दोनदा पाहणी करणे हे ऐच्छिक काम मानता येत नाही.

३. खाद्य : प्रथिनांचा हिशेब

कोंबडीपालनाच्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा सर्वाधिक, सुमारे दोन-तृतीयांश असतो. त्यामुळे काटकसरीचा पहिला विचार खाद्याकडेच वळतो, आणि घरगुती पालनातील मोठी चूक येथेच घडते.

मांसल पिल्लांना वयानुसार तीन प्रकारचे खाद्य दिले जाते. पहिल्या आठवड्यात प्री-स्टार्टर, तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत स्टार्टर आणि त्यानंतर फिनिशर. त्यांतील प्रथिनांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे २३, २२ व २० टक्के असते, तर ऊर्जेचे प्रमाण वयाबरोबर वाढत जाते. लहान वयात स्नायू, हाडे व आतडी यांची घडण होत असल्याने प्रथिनांची गरज अधिक असते.

आता समजा, पालकाने खर्च वाचविण्यासाठी २२ टक्के प्रथिनांच्या स्टार्टर खाद्यात तेवढाच मका भरडा मिसळला. मक्यात प्रथिने सुमारे ९ टक्के असतात. मिश्रणातील प्रथिनांचे प्रमाण २२ व ९ यांची सरासरी, म्हणजे १५.५ टक्के होते. पिल्लू पोटभर खाते, परंतु त्याच्या वाढीस आवश्यक प्रथिने व विशेषतः लायसीन आणि मिथिओनीन ही अमिनो आम्ले त्याला मिळत नाहीत. जीवनसत्त्वे व खनिजेही त्याच प्रमाणात निम्म्यावर येतात. परिणामी वाढ खुंटते, पिसे नीट येत नाहीत, पायांत कमजोरी येते आणि विक्रीयोग्य वजनास अधिक दिवस लागतात. त्या वाढीव दिवसांत पक्षी खातच राहतो. पोत्यामागे वाचलेले पैसे अशा रीतीने पुन्हा खर्च होतात. तांदळाची कणी, शिळी भाकरी किंवा स्वयंपाकघरातील उरलेले अन्न यांबाबतही हेच घडते.

घरी खाद्य तयार करावयाचे असल्यास मका व सोयाबीन पेंड हे त्याचे दोन मुख्य आधार होत. ६० भाग मका व ३५ भाग सोयाबीन पेंड (सुमारे ४५ टक्के प्रथिने) घेतल्यास मक्यातून ५.४ व पेंडीतून १५.७५, अशी एकूण सुमारे २१ टक्के प्रथिने मिळतात. उरलेल्या पाच भागांत तेल, डायकॅल्शियम फॉस्फेट, चुनखडी, मीठ आणि जीवनसत्त्वे व सूक्ष्म खनिजांचे तयार मिश्रण येते. हा शेवटचा, प्रमाणाने अल्प असलेला भाग वगळणे हीच घरगुती मिश्रणातील नेहमीची त्रुटी असते.

आणखी दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य मांसल पिल्लांना देऊ नये. त्यात कवच तयार होण्यासाठी सुमारे साडेतीन टक्के कॅल्शियम असते, तर पिल्लांना साधारण एक टक्का पुरेसे असते. या अतिरिक्त कॅल्शियमने पिल्लांच्या मूत्रपिंडास इजा होते. तसेच ओलसर जागी साठवलेला मका व शेंगदाणा पेंड यांवर बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते यकृतावर आघात करते व रोगप्रतिकारशक्ती कमी करते. पावसाळ्यात खाद्याची पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत.

४. पाणी, जागा व गादी

पिल्लू जितके खाद्य खाते, त्याच्या साधारण दुप्पट वजनाचे पाणी पिते. उन्हाळ्यात हे प्रमाण आणखी वाढते. पाणी थांबले की खाणेही थांबते. पिल्ले आणल्यानंतर प्रथम गूळ किंवा ग्लुकोज मिसळलेले पाणी दिले जाते व नंतर कागदावर मका भरडा पसरून त्यांना चोच मारण्यास शिकविले जाते. गुळगुळीत कागदावर पाय फाकण्याची शक्यता असल्याने तो दोन-तीन दिवसांत काढून टाकावा.

जमिनीवर भाताच्या तुसाची किंवा लाकडाच्या भुशाची पाच ते सात सेंटिमीटर जाडीची गादी अंथरावी. विक्रीच्या वयापर्यंत प्रत्येक पक्ष्यास सुमारे एक चौरस फूट जागा लागते, म्हणजे ५० पक्ष्यांसाठी किमान ५० चौरस फूट. गादी ओली राहिल्यास अमोनिया वायू साचून डोळे व श्वसनमार्ग यांना त्रास होतो आणि रक्ती हगवणीचे (कॉक्सिडिओसिस) जंतू वाढतात. हातात घेतलेले तूस मुठीत दाबल्यावर गोळा होऊन तसेच राहिले तर ते ओले झाले आहे असे समजावे, आणि ते हलवून कोरडे करावे अथवा बदलावे.

विदर्भ व मराठवाड्यातील उन्हाळ्यात वाढलेल्या मांसल पक्ष्याला उष्माघाताचा धोका असतो. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. ती मुख्यतः धापा टाकून उष्णता बाहेर टाकते. अन्नपचनातूनही उष्णता निर्माण होत असल्याने दुपारच्या वेळी खाद्य काढून घ्यावे व ते पहाटे आणि सायंकाळी द्यावे. छपरावर गवत किंवा ओली पोती टाकणे व थंड पाणी पुरविणे हे उपाय उपयुक्त ठरतात.

५. रोगप्रतिबंध

राणीखेत किंवा मानमोडी हा रोग लसीकरण न झालेल्या तुकडीत मोठ्या प्रमाणात मर घडवितो. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतची, १२ ते १४ व्या दिवशी गंबोरोची आणि २१ व्या दिवसाच्या सुमारास पुन्हा राणीखेतची लस, हा क्रम सामान्यतः पाळला जातो. स्थानिक पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्यात बदल करावा. लस बर्फात आणावी व मिसळल्यावर लगेच वापरावी. क्लोरीनयुक्त पाण्यात ती निष्प्रभ होते. लसीच्या कुपीत सहसा शंभर किंवा अधिक मात्रा असल्याने शेजारच्या दोन-तीन कुटुंबांनी पिल्ले एकाच वेळी आणल्यास खर्च विभागला जातो.

प्रतिजैविकांचा वापर केवळ पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावा व औषध बंद केल्यानंतर ठरावीक दिवस पक्षी कापू नये. मानवी उपचारात महत्त्वाच्या असलेल्या कोलिस्टिन या औषधाच्या अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांतील वापरावर भारतात २०१९ मध्ये बंदी घालण्यात आली.

भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदला गेला. त्या वेळी व्यापारी शेडबरोबर परसातील कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. लहान पालक रोगाच्या साखळीबाहेर नसतो, हे त्यावरून स्पष्ट होते. अचानक अनेक पक्षी मेल्यास ते विकू अथवा उघड्यावर टाकू नयेत. पशुसंवर्धन विभागास त्वरित कळवावे.

६. विक्रीची वेळ

दोन किलो वजनापर्यंत एका पक्ष्यास सुमारे साडेतीन किलो खाद्य लागते असे धरल्यास ५० पक्ष्यांस १७५ किलो, म्हणजे ५० किलोची साडेतीन पोती लागतात. ही तरतूद पिल्ले आणण्यापूर्वीच असावी. मध्येच खाद्य संपल्यावर उसनवारीने किंवा निकृष्ट मिश्रणाने भागविणे हे तुकडी तोट्यात जाण्याचे मुख्य कारण ठरते. पाच टक्के मर गृहीत धरल्यास ४७ ते ४८ पक्षी विक्रीस उरतात.

पहिल्या तीन आठवड्यांत एक किलो वाढीस दीड किलोपेक्षा कमी खाद्य पुरते. सहाव्या आठवड्यात त्याच वाढीस दोन किलोच्या आसपास खाद्य लागते. म्हणून भाव वाढण्याची वाट पाहत पक्षी दीर्घकाळ ठेवणे बहुधा परवडत नाही. शिवाय जड पक्ष्यांत पायांचे विकार व हृदयाचे झटके वाढतात.

७. निष्कर्ष

मांसल पिल्लांचे घरगुती संगोपन अल्प भांडवलात शक्य आहे, परंतु ते परसातील फुकट पालन नव्हे. ज्या कुटुंबास सहा आठवड्यांचे पूर्ण खाद्य आणि पहिल्या आठवड्याची अखंड ऊब यांची खात्री देता येत नाही, त्याने वनराजा किंवा गिरिराजासारख्या, परसातील चराईवर तग धरणाऱ्या सुधारित जाती निवडणे अधिक हिताचे ठरते. ज्यास ती देता येते, त्याने प्रथम ५० पिल्लांची एकच तुकडी घ्यावी, रोजचे खाद्य, मर व दर आठवड्याचे वजन वहीत नोंदवावे, आणि त्या नोंदींच्या आधारेच पुढील तुकडीचा निर्णय करावा.