संसार वेगळा झाला, गाडी कुणाच्या नावावर?

फारकतीच्या बैठकीत दागिने, भांडी, मुलांचा ताबा यांवर तासन्‌तास बोलणं होतं. दारातली कार मात्र ज्याच्या हाती चावी त्याच्याकडे जाते आणि कागद जिथल्या तिथे राहतात. भंडाऱ्यातल्या एखाद्या घराचं चित्र डोळ्यांसमोर आणा. एमएच 36 ची गाडी, आरसी बायकोच्या नावावर, कर्जाला दोघांच्या सह्या, आणि गाडी रोज वरठीला किंवा गडेगावला कारखान्यात नेणारा नवरा. ती माहेरी गेली, गाडी त्याच्याकडेच राहिली.

1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो. त्यामुळे त्याने सिग्नल तोडला तरी ई-चलान तिच्या नावावर येतं. तिच्या खात्याला जोडलेला फास्टॅग असेल, तर नागपूरच्या वाटेवरचा टोलही तिच्याच खात्यातून कापला जातो.

खरी भीती अपघाताची. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात 2007 मध्ये विकलेली कार पुढे आणखी हात बदलत गेली. 2009 मध्ये तिच्या धडकेत एकाचा जीव गेला. आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं होतं. भरपाईची जबाबदारी त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ठरवलं. विमा चालू असेल तर थर्ड पार्टीची भरपाई कंपनी देते. पण विभक्त जोडप्यात विमा भरायचा कुणी? जिचं नाव आहे तिच्याकडे गाडी नाही, ज्याच्याकडे गाडी आहे त्याचं नाव नाही. पॉलिसी संपते ती नेमकी इथे, आणि म्हणूनच हा विषय मला दागिन्यांइतकाच गंभीर वाटतो.

कर्जाचंही तसंच. ‘यापुढे हप्ते मी भरीन’ हा दोघांमधला करार बँकेवर बंधनकारक नसतो. बँकेने लेखी मोकळं करेपर्यंत सहकर्जदार अडकलेलाच असतो आणि थकलेला हप्ता दोघांच्याही सिबिलवर उमटतो.

गाडी मुळात कुणाची, हा प्रश्न वेगळा. लग्नात मुलीला दिलेली कार स्त्रीधन ठरू शकते. स्त्रीधनावर पत्नीचाच पूर्ण हक्क, असं सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकारी ते परत करण्याचा आदेश देऊ शकतात. म्हणून शोरूमची पावती आणि पैसे कुणाच्या खात्यातून गेले त्याचं पासबुक बाईने जपून ठेवावं. लग्नाविना एकत्र राहिलेल्यांची वाट जास्त अवघड आहे. एकाने पैसे दिले आणि नाव दुसऱ्याचं लावलं, तर बेनामी कायद्यात जोडीदाराला मिळणारी सूट त्यांना सहज मिळत नाही.

नाव बदलायला आरटीओत फॉर्म 29 आणि 30 लागतात. देणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचं असतं. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन बोजा उतरवावा. विमाही नव्या नावावर करून घ्यावा. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीच्या अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं. न्यायालय ती मुदत माफ करू शकतं, पण केली नाही तर हे सगळे कागद पुरे करायला तेवढा वेळ पुष्कळ आहे. फक्त गाडीचा क्रमांक, ती कुणाकडे जाणार आणि नाव कोणत्या तारखेपर्यंत बदलणार, हे वकिलाकडून त्याच अर्जात लिहून घ्यायला हवं.