पाकट, मुशी पिल्लांना जन्म कसा देतात? त्यांची संख्या लवकर का भरून येत नाही?

पाटण : मासा म्हटला की अंडी, हे आपण गृहीतच धरतो. कोयनेच्या पाण्यातले कटला, रोहू पाहिलेल्या पाटणकरांसाठी ते बरोबरही आहे. पण कुंभार्ली घाट उतरून समुद्र गाठला की चित्र बदलते. बाजारात ‘पाकट’, ‘मुशी’ किंवा ‘मोरी’ म्हणून येणाऱ्या माशांपैकी बहुतेकांच्या माद्या थेट पिल्लांना जन्म देतात. होडीवर पाकटाची मादी पिल्ले टाकत असल्याचे व्हिडिओ अधूनमधून मोबाइलवर फिरतात. त्यात दिसते ते बहुतेक वेळा नैसर्गिक बाळंतपण नसते. नेमका प्रकार काय आहे, ते समजून घेऊ.

हे मासे वेगळे कसे?

आपल्या कानाच्या पाळीच्या वर जो लवचिक भाग असतो, त्याला कूर्चा म्हणतात. शार्क आणि पाकट यांचा सांगाडा हाडांचा नसून अशाच कूर्चेचा असतो. कटल्याची मादी अंडी पाण्यात सोडते आणि नर त्यावर शुक्रजल सोडतो. कूर्चेच्या माशांत मात्र फलन मादीच्या पोटातच होते. नराच्या पोटाखालच्या परांना दोन दांड्यांसारखे अवयव असतात, त्यांतून शुक्राणू मादीच्या शरीरात जातात. मासळी बाजारात हे दांडे पाहून नर-मादी सहज ओळखता येते.

पोटात पिल्लू वाढते कसे?

याच्या मुख्य तीन पद्धती आहेत.

१) अंडी घालणे : बांबू शार्क आणि स्केट हे मासे चिवट कवचाची अंडी घालतात. पिल्लू आतल्या पिवळ्या बलकावर वाढते.

२) गर्भाशयातले ‘दूध’ : पाकटाचे पिल्लू आधी बलकावर वाढते. तो संपत आला की गर्भाशयाच्या अस्तरावरचे बारीक धागे पोषक द्रव पाझरू लागतात. त्यात स्निग्धांश आणि प्रथिने असतात. पिल्लाला तेच अन्न. जन्मताना पिल्लाचे पंख सुरळीच्या वडीसारखे गुंडाळलेले असतात. शेपटीवरचा काटा मऊ आणि आवरणात असतो, त्यामुळे आईला इजा होत नाही.

३) वार आणि नाळ : काही शार्कमध्ये माणसासारखी वार तयार होते. आपल्या किनाऱ्यावरची लहान मुशी, म्हणजे स्कोलिओडॉन, याचे उत्तम उदाहरण आहे. तिचे अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे, शार्कमध्ये सर्वांत लहान गणले जाणारे. त्यात बलक जवळपास नसतोच, म्हणून पिल्लू जवळजवळ पूर्णपणे आईच्या वारेवर पोसले जाते. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे विच्छेदन केले तो मासा हाच.

या विषयावरचे महत्त्वाचे काम मुंबईत झाले आहे. एस. बी. सेटना आणि पी. एन. सारंगधर यांनी १९४० च्या दशकात मुंबईच्या किनाऱ्यावरील शार्क, करवत मासा आणि त्यांच्या जातभाईंच्या प्रजननाचा अभ्यास करून निबंध प्रसिद्ध केले. जगभरचे अभ्यासक आजही त्यांचा दाखला देतात.

नराशिवाय पिल्लू होते?

क्वचित होते. अमेरिकेत ओमाहा येथील प्राणिसंग्रहालयात २००१ मध्ये नराशिवाय ठेवलेल्या हॅमरहेड गटातील शार्कच्या टाकीत पिल्लू जन्मले. त्यात पित्याचा अंश नसल्याचे २००७ मध्ये डीएनए तपासणीतून सिद्ध झाले. मात्र पोट फुगलेली प्रत्येक एकटी मादी गाभण असतेच असे नाही. २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील ‘शार्लट’ या पाकटाची अशीच बातमी जगभर गाजली. पुढे तिला प्रजनन अवयवांचा आजार असल्याचे सांगण्यात आले आणि पिल्ले न होताच ती दगावली.

मग अडचण कुठे आहे?

कटल्याची मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी देते. जलाशयातली मासळी घटली तर मत्स्यबीज सोडून भरपाई करता येते. पाकटाची मादी एका वेळी मोजकीच पिल्ले देते आणि समुद्रात सोडायला त्यांचे बीज कोणत्याही केंद्रात मिळत नाही. काही शार्कचा गर्भकाळ तर दोन वर्षांपर्यंत असतो. पोटात चार पिल्ले असलेली एक मादी जाळ्यात गेली, तर समुद्रातून पाच मासे कमी होतात.

त्या व्हिडिओंचा उलगडाही इथेच होतो. जाळ्यात अडकल्याच्या धसक्याने मादी पिल्ले अवेळी टाकते. हा एक प्रकारचा गर्भपात असतो. बलकाची पिशवी अजून पोटाला लोंबत असलेली पिल्ले सहसा जगत नाहीत. शार्क आणि पाकट वर्गातील एक तृतीयांशाहून अधिक प्रजाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे २०२१ च्या जागतिक आढाव्यात दिसले. त्यामागचे सर्वांत मोठे कारण अतिमासेमारी हेच होते.

काय करता येईल?

व्हेल शार्क आणि करवत मासा यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना पकडणे किंवा विकणे गुन्हा ठरतो. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागल्यास मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देणारी योजना राज्यात २०१८ पासून आहे. संरक्षित नसलेली गाभण मादीही जिवंत असेल, तर शेपटीच्या काट्यापासून जपून तिला लगेच पाण्यात सोडणे शहाणपणाचे. पूर्ण वाढलेली पिल्ले पडली असतील, तर व्हिडिओ काढत बसण्याऐवजी आधी ती समुद्रात सोडावीत.

बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरीचा रस्सा देण्याची रीत किनाऱ्यावर आहे. घाटावरचे खवय्येही मोरी आवडीने खातात. ती सोडा, असे कोणी म्हणत नाही. फक्त वीतभर लांबीची पिल्ले आणि पोट भरलेली मादी विकत घेण्याचे टाळले, तरी पुढच्या हंगामासाठी समुद्रात काही शिल्लक राहील.