कुंथलगिरीचा खवा : नावाची पत

गजपंथ आणि मांगीतुंगी ही सिद्धक्षेत्रे नाशिककर जैन कुटुंबांना घरचीच. धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी मात्र दूरची वाट. कुलभूषण व देशभूषण मुनींची ही निर्वाणभूमी. आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखनाही १९५५ मध्ये येथेच झाली. दर्शन घेऊन परतणारा यात्रेकरू येथील खवा किंवा पेढा आवर्जून बरोबर घेतो.

बालाघाटच्या डोंगररांगेतील हा भाग अवर्षणप्रवण. शेतीचा भरवसा नसल्याने दुभत्या जनावरांचा आधार मोठा. दूध शहरापर्यंत टिकेना, तेव्हा ते आटवून विकणे हाच मार्ग उरला आणि गावोगावी भट्ट्या पेटल्या. कढईतील दूध तळाला लागू न देता अखंड ढवळावे लागते. अखेरीस जाळ कमी करण्याची वेळ चुकली, की रंग आणि चव दोन्ही बिघडतात. म्हशीचे सुमारे चार किंवा गाईचे पाच लिटर दूध आटले, म्हणजे किलोभर खवा हाती येतो. आता सौरऊर्जेवरील यंत्रांनी काही ठिकाणी सरपणाचा भार हलका केला आहे.

स्पेनमधील कोरड्या एस्त्रेमादुरा प्रांतातही दूध टिकवण्याची अशीच ग्रामीण कला आहे. तेथील ‘तोर्ता देल कासार’ हे चीज मेंढीच्या कच्च्या दुधापासून बनते. विशेष म्हणजे ते विरजण्यास प्राणिज रेनेट नव्हे, तर रानटी काटेरी वनस्पतीची वाळलेली फुले वापरतात. गावाचे नाव कायद्याने संरक्षित असल्याने इतरांना ते वापरता येत नाही.

कुंथलगिरीच्या खव्यालाही अलीकडे भौगोलिक मानांकन लाभले आहे. परंतु सणासुदीला पिष्टमय पदार्थ मिसळलेला खवा स्वस्तात विकला जातो, तेव्हा चोख दूध आटवणारा भट्टीवाला भावात टिकू शकत नाही. मानांकनाचा कागद त्याला एकट्याने तारू शकणार नाही. माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचाही त्यात वाटा हवा. भट्टीची खात्री करावी, पक्के बिल घ्यावे, शंका आल्यास नमुन्यावर आयोडीनचा थेंब टाकावा. तो निळा झाला, तर पिष्ट मिसळलेले आहे.

अस्सल म्हणून हलका माल देणे हा ‘प्रतिरूपक व्यवहार’ तत्त्वार्थसूत्राने अचौर्यव्रताच्या अतिचारांत गणला आहे. तीर्थाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालाला तर ही कसोटी अधिकच कठोरपणे लावली पाहिजे.